सुरतेहून आणलेलं स्टिअरिंग

९ मे, शुक्रवार

अक्षय्यतृतीया, आमची आखाजी, होऊन आठवडा गेला, जयू अजून माहेरीच. हेमंत, तिचा भाऊ, मुराळी म्हणून आला आणि घेऊन गेला, दरवर्षीसारखं. दरवर्षी चार-पाच दिवसांनी आपल्याकडचं कोणीतरी मूळ म्हणून जातं आणि सूनबाईला घेऊन येतं. यंदा कोणी गेलं नाही. कोणी विषयही काढत नाही.

आज जेवताना मीच काढला. आई म्हणाली, "ती तोंड फुगाडीसन गई. आते त्यासनी आनी सोडो. आपन काबर नाक घासाले जावानं?" आप्पा ताटातली मिरची बाजूला सारत बसले. घरात त्यांचं मत काय हे मला लग्नाआधी कळलं नाही, नंतरही नाही.

शहाद्याहून प्रकाशा म्हणजे काय लांब आहे? मोटारसायकल काढली तर चहा गार व्हायच्या आत पोचेन. पण रीत ती रीत. बायको आणायला नवऱ्याने एकट्यानेच धावत जायचं, असं आमच्यात नाही. लोक म्हणतील, बाईलवेडा.

वरच्या खोलीत गेलो. टेबलाला जुनं प्लास्टिकचं स्टिअरिंग तसंच आवळलेलं. धूळ बसलीय. पुसलं नाही.

११ मे, रविवार

सुट्टी. घर खायला उठतं.

भांडण कशावरून झालं ते एकदा सरळ लिहून काढतो, म्हणजे डोकं शांत होईल. आखाजीच्या आधी धुळ्याची आत्या आणि मंडळी आली होती. आमरसाचं जेवण. मीच फुशारकी मारली की रेसच्या गेममध्ये जयू मला हरवते. खरंच हरवते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी स्टिअरिंग घेतलं ते स्वतःसाठी. ती मागे पलंगावर बसून बघायची. एक दिवस म्हणाली, "दे ना एकदा." पुढे मला तिच्या मागे धूळ खायची सवयच झाली. मी वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक मारतो, ती शेवटपर्यंत मारत नाही. घाबरत म्हणून नाही बाई. वर खोलीत ती मला भूषण म्हणते, तू म्हणते. जिना उतरला की अहो आणि तुम्ही.

तर आत्या म्हणाली, मग खरी गाडी चालवते का? जयू म्हणाली, "शिकनी शे." आणि उठून खिळ्याला टांगलेली आप्पांच्या चारचाकीची किल्ली काढली. म्हणाली, तुम्ही शेजारी बसा, मळ्यापर्यंत नेते, आत्यांना केळी दाखवू. मी तिच्या हातातून किल्ली काढून घेतली. वर म्हणालो, "खेळातली ड्रायव्हर ही. खरी गाडी दिली तर केळीतच घालील."

सगळे हसले. मीही. ती पण हसली. ती हसली म्हणून मला वाटलं, चला, झालं.

त्या रात्रीपासून खोलीतही "तुम्ही" सुरू झालं.

१४ मे, बुधवार

ऑफिस. कॉलेजात निकालाची गर्दी सुरू व्हायची आहे, अजून निवांत.

दुपारी तिचा फोन. आवाज चांगला होता. म्हणाली, "मूळ कवय येई?" इतकं साधं विचारलं. मी म्हणालो, "थांब थोडं. एक गोष्ट येऊ दे आधी." कोणती गोष्ट? "कळेल." ती बरं म्हणाली आणि ठेवला.

मनातून खूश होतो. कालच ठरवलंय. नवीन स्टिअरिंग आणायचं, खरंखुरं, भारीतलं. जुन्यावर ती नेहमी कुरकुरायची, "येम्हा रस्ता हातले लागत नही. नुसतं गोल फिरस." आता असं आणतो की रस्ता हाताला लागला पाहिजे. मग जाऊन तिला घेऊन येतो. हात हलवत कसं जायचं? काही तोंड दाखवायला तरी हवं.

१८ मे, रविवार

दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ. डोळे लाल. आई म्हणते चष्मा लागेल.

एवढं कळलं: आपल्या जुन्यात छोटी मोटर आणि दात्यांची चक्रं, म्हणून खडखड. भारीतल्यात मोटरच्या दांड्यावरच थेट चाक बसतं. डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. वळणात जड होतं, खडीवर थरथरतं, गाडी घसरायच्या आधी हलकं पडतं. ब्रेकचं पेडल किती खाली गेलं ते बघत नाही, पायाचा जोर किती ते बघतं. हे तर जयूसाठीच केलेलं.

चाकाचे प्रकार बघून वेडा व्हायची वेळ. शेवटी लहान गोलाचं घेतलं. तिचे हात लहान आहेत. कातडी मूठ, काळा रंग. लाल पण होतं, पण लाल तिला आवडत नाही.

ऑर्डर दिली. ठेव मोडली. पैशांचं इथे लिहीत नाही, आप्पांना वही सापडली तर कल्याण.

२३ मे, शुक्रवार

झक मारली. कुरिअरवाले म्हणतात एवढं जड पार्सल शहाद्याला येत नाही. फोनवरची मुलगी हिंदीत तेच तेच वाक्य बोलते. माझा आवाज चढला, मग तिलाच सॉरी म्हणालो.

शेवटी उधन्याच्या किशोरचा पत्ता दिला. मामेभाऊ. अर्धा खानदेश तिकडे सुरतेकडेच राहतो, कधीतरी उपयोग होतो. किशोर म्हणाला, येऊ दे, पन लेवाले तूच ये, मी काही ते खांद्यावर टाकीसन येवाव नही.

जयूचा फोन नाही. मीही केला नाही. केला असता तर तोंडातून निघालं असतं. सरप्राइज आहे ना.

३० मे, शुक्रवार

शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, सून दिसत नाही? आईने ठोकून दिलं, तिकडे कुठल्या परीक्षेचा अभ्यास करतेय. माझ्याकडे बघून परत म्हणाली, "आते किती दिन खोटं बोलू मी?" मी म्हणालो, मग जाऊ दे मला. तर लगेच, "तू कसाले? त्यासनी पोर, त्या आनतीन."

म्हणजे आई तिची वाट बघते, पण आमच्या दारात उभी राहून. मी तरी काय वेगळं करतोय?

७ जून, शनिवार

सुरतेला जाऊन आलो. पाठ मोडलीय, तरी लिहितो.

सकाळची एसटी. आप्पांची गाडी मागितली असती तर पैशांचंही सांगावं लागलं असतं. प्रकाशाला स्टँडवर गाडी थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. खिडकीची जागा होती. स्टँडच्या मागची गल्ली, तिच्या शेवटी त्यांचं घर. उठून उभा पण राहिलो. मग वाटलं, हात रिकामे, दाढी वाढलेली, शर्ट प्रवासाचा. किशोर तिकडे वाट बघणार. एका दिवसाने काय होतंय? येता येता सगळंच घेऊन उतरू. बसलो परत.

तेवढ्यात चहाच्या टपरीवर तात्या दिसले. जयूचे वडील. पांढरी टोपी, हातात पिशवी. मी डोकं आत घेतलं. तात्यांनी पाहिलं नसावं.

उधन्याला किशोरच्या बायकोने खिचडी-कढी केली होती. दोन खोकी, एक तर उचलवेना. परतीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, काय शे येम्हा? म्हटलं, स्टिअरिंग. "कोनती गाडीनं?" म्हटलं, गाडी नाही, नुसतं स्टिअरिंग. तो माझ्याकडे बघत राहिला आणि लगेजचं तिकीट फाडलं. विसरवाडीला सगळे भजी खायला उतरले, मी खोकी धरून आत बसलो. चोरीला गेली तर?

येताना प्रकाशाला गाडी पुन्हा थांबली. दोन खोकी घेऊन कसं उतरणार? हेमंतसारखा कोणीतरी पानाच्या टपरीशी उभा होता. अंधार पडायला आला होता, नीट दिसलं नाही.

९ जून, सोमवार

ऑफिसला दांडी. खोकी फोडली. काय माल आहे! मोटर म्हणजे लोखंडाचा ठोकळा. चाकाचा कातडी वास घरभर.

टेबलाला आवळलं, चालू केलं आणि पहिल्याच वळणाला टेबल जागेवरून उडालं. पाय निखळला. मोटरला बळ इतकं की आमच्या सागवानी टेबलाची लाज गेली. आई खालून ओरडली, काय पडलं? म्हटलं काही नाही.

लोखंडी स्टँड करावा लागणार.

१२ जून, गुरुवार

वेल्डिंगवाल्याकडे माप दिलं. अँगल, खाली पेडलसाठी पट्टी, मागे खुर्ची. तो म्हणाला, "भाऊ, चाक नही, इंजन नही, हाई गाडी जाई कोठे?" म्हटलं, कुठेच नाही. दुकानातली सगळी हसली. मीही हसलो, पण मोटारसायकलवर बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं, फालतूच. वेल्डिंगचा उजेड पाहिला असेल.

उंची जयूच्या मापाने करायला सांगितली. माझे गुडघे अडकणार. अडकू देत.

१५ जून, रविवार

स्टँड आला. चौघांनी जिन्यातून वर चढवला, भिंतीचा पोपडा गेला. सगळं बसवलं.

आई वर आली ती आरतीचं ताट घेऊनच. आजवर तिने या खेळाला "बिनकामनं" याशिवाय दुसरं नाव दिलं नव्हतं. म्हणाली, "गाडी शे ना? मंग पूजा नको?" मोटरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. चाकाला हळदीकुंकू, झेंडूचं फूल वायरीत अडकवलं. नारळाचं पाणी आत जाईल म्हणून मी ओरडलो तेव्हा उंबऱ्यावर फोडला. लिंबू ब्रेकच्या पेडलखाली ठेवलं आणि म्हणाली, चालाव. मी पाय दाबला, लिंबू फुटलं, रस पायमोज्यावर. आप्पा दारात उभे राहून बघत होते, तेही हसले.

आई जाता जाता म्हणाली, "आते सांग तिले. म्हना, गाडी उनी." आणि पदराने डोळे पुसले. आईला तिची आठवण येते, हे मला आज कळलं. पण तरी गाडी आली म्हणून "सांग"च म्हणाली. "आण" नाही म्हणाली.

फोटो काढून जयूला पाठवला. खाली लिहिलं, "तुझ्यासाठी. ये."

१६ जून, सोमवार

फोटो पाहिलाय तिने. उत्तर नाही.

१९ जून, गुरुवार

उत्तर नाही.

दोनदा फोन केला. एकदा तिच्या आईने उचलला. बरे आहात का, केळीला भाव काय, पाऊस कसा आहे तिकडे. जसा काही मी आठ-नऊ मैलांवर नाही, परदेशात आहे. जयू बाहेर गेलीय म्हणाल्या. कुठे? "आठेच. तात्यासंगे." इथेच म्हणजे कुठे, काय करायला, ते सांगितलं नाही. जयू आणि तात्या संध्याकाळी कुठे जातात?

२२ जून, रविवार

आज स्वतः बसलो. स्टँडवर तिच्याआधी खेळायचं नाही असं ठरवलं होतं, पण ठरवून काय होतं.

जयूचा आवडता डोंगरातला ट्रॅक लावला. खरंच, रस्ता हाताला लागतो. खडी लागते. उतार लागतो. वळणात हात भरून येतात. टायर सुटायच्या आधी एक क्षण चाक रिकामं होतं, कोणी पलीकडून हात सोडावा तसं. तिथेच मी दर वेळी घसरलो. मागे पलंगावर कोणी नाही. "ब्रेक सोड ना, घाबरस काय" असं म्हणायला कोणी नाही. गाडी कठड्याला ठोकून तशीच उभी ठेवली आणि रडलो. सरळ रडलो, तोंडावर उशी धरून, खाली आवाज जाऊ नये म्हणून. चौतिसाव्या वर्षी.

मला ती हवी आहे. हे यंत्र नको. ती इथे बसलेली हवी आहे, आणि मी मागे पलंगावर.

२९ जून, रविवार

हेमंतचा फोन. पोरगा चांगला आहे, चाचरत बोलला. "भाऊजी, राग नका मानू. तात्या म्हंतस, आमनी पोर आम्ही सोडाले येवाव नही. जवाई सोता उनात ते आज धाडसूत." मग हळूच म्हणाला, तुम्ही याच, भाऊजी.

खाली येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, देख, त्यासना ताठा देख. हे म्हणजे दोन्ही घरं उंबऱ्यात उभी आणि मधल्या रस्त्यावर कोणीच नाही. आप्पांना विचारलं, तुम्ही चला माझ्याबरोबर. ते म्हणाले, पावसाळी कामं आहेत.

येत्या रविवारी जातो. एकटा जातो. लोक गेले खड्ड्यात.

६ जुलै, रविवार

नाही गेलो.

सकाळी कपडे केले. गाडीला किक मारली. गेटपाशी जाऊन थांबलो. रीतीचं काय, मी लाजतो. तात्या समोर बसणार, चहा येणार, आणि विचारणार, काय झालं होतं? काय सांगू? की किल्ली काढून घेतली आणि चारचौघांत हसलो? हे तोंडातून कसं निघेल?

आईला सांगितलं, पेट्रोल नव्हतं.

१३ जुलै, रविवार

जयू आली.

सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. तात्यांची पांढरी गाडी गल्लीत वळली. हेमंत उतरला, पण डाव्या बाजूने. मनात आलं, याने गाडी कोणाला चालवायला दिली? मग उजवं दार उघडलं आणि जयू उतरली. ओढणी कमरेला बांधलेली. किल्ली हातात.

आई तुळशीला पाणी घालत होती, तांब्या तसाच राहिला. "तू चालाडी लयनी, बाई?" जयू म्हणाली, हो, आणि वाकून पाया पडली. हेमंत म्हणाला, तात्यांनी हात बसवून घेतला. रोज संध्याकाळी, नदीकडच्या पडीक रानात.

मला कळलं नाही ती कशाला आली. मी समजलो परत आली. पिशवी नव्हती, ते पाहिलंच नाही. वर घेऊन गेलो. हेमंत खाली थांबला.

ती दारातच थबकली. स्वस्तिक पाहिलं, वाळलेलं फूल पाहिलं. म्हणाली, मायनी पूजा करी? आणि थोडी हसली. खुर्चीत बसली. बरोबर बसली, पाय बरोबर पोचले. मी ट्रॅक लावला. पहिली फेरी सावकाश. दुसरीत हात सैल पडले. तिसरीत त्या मोठ्या वळणाला तिने तिच्याच जागी ब्रेक मारला, मी श्वास धरून उभा. चाक थरथरलं, तिने धरलं, गाडी सरळ निघाली.

"लागस," ती म्हणाली. "रस्ता हातले लागस."

मला वाटलं जिंकलो. असा गाढव मी. म्हणालो, "मग? राहतेस ना आता?"

तिने दोन्ही हात चाकावरून काढले. गाडी भिंतीला जाऊन आपटली, चाक एकटंच गरागरा फिरलं आणि थांबलं. ती माझ्याकडे वळली नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही हाई लेवाले सुरत लगून गयात. गाडी मन्हा गावमा थांबनी. तात्यानी दखं तुमले. तुम्ही डोकं मधमा लीधं. उतरनात नही."

मी म्हणालो, तुझ्यासाठीच तर गेलो होतो.

"येताना बी थांबनी गाडी," ती म्हणाली. "हेमंत व्हता तठे."

नंतर ती उठली, कपाट उघडलं, बी.एस्सी.ची मार्कशीटं आणि सर्टिफिकेटं काढली, फाईलमध्ये लावली. त्यासाठी आली होती. मी बाजूला झालो. एवढंच जमलं मला, बाजूला होणं.

खाली आईने हळदीकुंकू लावलं. कुंकू भुवईवर गेलं. राहा म्हणाली नाही. का म्हणाली नाही? मनातून तर म्हणत होती. जयूने गाडी आमच्या अरुंद गल्लीतून एका दमात उलटी काढली, नाला सोडून, खांब सोडून.

आप्पा म्हणाले, "चांगली चालाडस." आणि आत गेले.

१४ जुलै, सोमवार

ऑफिसला गेलो. प्रवेशाची रांग. एका मुलीच्या अर्जावर चुकीचा शिक्का मारला.

घरी आलो. वर गेलो नाही.

१८ जुलै, शुक्रवार

आई म्हणते विकून टाक ते लोखंड. मी म्हणालो, कोणाला? शहाद्यात कोण घेणार? आई म्हणाली, जिच्यासाठी लीधं तिनी बी नही लीधं. तिला टोमणा मारायचा नव्हता, पण लागला.

खरं सांगायचं तर ती जे मागत होती ते घरातच होतं. खिळ्याला टांगलेलं. मी सुरत फिरून आलो. काखेत कळसा म्हणतात ते हेच. आणि तेही नाही, तेवढंही नाही. नुसतं येऊन दारात उभा राहिलो असतो तरी चाललं असतं. फोनवर विचारलं होतं तिने, मूळ कधी येईल. मी म्हणालो, कळेल.

२७ जुलै, रविवार

पुढच्या रविवारी कानबाई, श्रावणातली आमची देवी; रविवारी बसते, सोमवारी विसर्जनाला उठते. भाऊबंद सगळे आपल्याकडे यंदा. आई प्रसादाच्या रोटाचे गहू निवडत बसली. मधेच हात थांबला. म्हणाली, "देवी उठाडाले घरनी सून लागस. मी काय सांगू लोकेसले?" मग सुपातच रडायला लागली. लोकांसाठी नाही रडत होती. मला कळतं ते आता.

आप्पा ओसरीवरून आले. उभ्या उभ्याच बोलले. आयुष्यात पहिल्यांदा इतकं बोलले असतील. "मी तुन्ही मायले लेवाले कवय गऊ नही. मन्हा बाप जाये. मन्हा काका जाये. ती येये. पन चार दिन बोले नही मन्हासंगे. माले वाटे, दमनी व्हई." आईने वर पाहिलं नाही, गहू निवडत राहिली. आप्पा म्हणाले, "तू जाय. मन्ही वाट नको देखू. कोनीच नको देखू."

१ ऑगस्ट, शुक्रवार

रजा टाकली. एसटीने प्रकाशा. उतरलो.

तात्या ओट्यावर होते. "या जवाईबापू." पाणी आलं. विचारपूस झाली. मी लगेच बोललो, नाहीतर पुन्हा बोललो नसतो, "तात्या, मी लेवाले उनू." त्यांनी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. "एकला?" म्हटलं, एकटाच. "माय-बापनी धाडं का सोताथीन उना?" म्हटलं, स्वतः आलो, उशिरा आलो. तात्यांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, जयू नंदुरबारला गेलीय, येईल.

जेवलो. सासूबाईंनी शेवभाजी केली होती. त्यांनी आग्रह केला नाही. जावयाला आग्रह नाही, हे पहिल्यांदाच.

दुपार कलल्यावर गाडी आली. जयूने ओट्यावर मला पाहिलं, काच खाली केली. इंजिन बंद केलं नाही. म्हणाली, "बठा." मी डावीकडे जाऊन बसलो. ती कोणाला काही न सांगता निघाली.

तापीच्या पुलावर गाडी सावकाश घेतली. पाणी भरपूर होतं, गढूळ. पलीकडे एका कडुलिंबाखाली थांबवली. मी बोललो. किल्लीचं बोललो, हसण्याचं बोललो, खिडकीतून डोकं आत घेतलं त्याचं बोललो. फोनवर विचारलेलं तेही. ठरवून काही आणलं नव्हतं, जसं आलं तसं. मधे रडू आलं, ते तिने पाहिलं, हात पुढे केला नाही.

ती म्हणाली, "त्या दिन मी बी हसनू. सगळा हसनात म्हनीसन. मंग रातभर मालेच मन्ही लाज वाटनी."

मग तिने सांगितलं. नाशिकला माती तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागलीय. बुधवारपासून. मैत्रिणीबरोबर खोली घेतलीय. मी विचारलं, कानबाईला? "येसू," म्हणाली. "मायले एकलीले जमाव नही. देवी उठाडसू, रोट खासू." आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी नाशिक.

मी विचारलं, मी येऊ का तिकडे? घ्यायला नाही. नुसता येऊ का?

तिने गाडी सुरू केली. गिअर टाकला. आरसा थोडा सारखा केला.

"नाशिक सुरतथीन दूर शे," म्हणाली.

सुरतेपेक्षा लांब. एवढंच. नाही म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. मला स्टँडवर आणून सोडलं. शहाद्याची गाडी लागलेलीच होती. मी उतरलो, दार नीट लागलं नाही म्हणून तिने खुणेने परत लावायला सांगितलं. लावलं. ती गावाकडे वळली. मी हात केला. तिने आरशात पाहिलं का, ते कळलं नाही.